फ्लॉपीवरची छायाचित्रे
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने जुनी छायाचित्रे गोळा करण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपविले, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. घराघरांतून आलेल्या अल्बमांत पंचेचाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची कृष्णधवल छायाचित्रे विपुल मिळाली. काहींच्या तर निगेटिव्हही पाकिटात जपून ठेवलेल्या होत्या. परंतु १९९९ ते २००३ या काळातील छायाचित्रे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. या उणिवेत माझा स्वतःचा वाटा मोठा आहे. त्याची कबुली द्यावी, एवढ्यासाठीच आज आपल्यापुढे उभा आहे.

१९९८ साली माझ्या आतेभावाने अमेरिकेहून येताना सोनी कंपनीचा ‘माव्हिका’ कॅमेरा आणला व माझी हौस पाहून मलाच देऊन टाकला. आकाराने तो विटेसारखा, आणि त्याच्या पोटात चक्क संगणकाची साडेतीन इंची फ्लॉपी बसे! बटण दाबले की आतून घर्रघर्र आवाज येई आणि काही सेकंदांनी छायाचित्र फ्लॉपीवर उतरे. तोपर्यंत समोरच्या माणसाने पापणीही हलवू नये, असा माझा हुकूम असे, जरी त्याची काहीएक गरज नव्हती. एका फ्लॉपीवर चांगल्या प्रतीची पंधरा-वीस छायाचित्रे मावत. गावात तोवर रोलचेच राज्य होते. छत्तीस फोटोंचा रोल संपेपर्यंत थांबायचे, मग तो धुण्यासाठी मनमाडला पाठवायचा, आणि आठवडाभराने कळायचे की मुख्य प्रसंगी काकाजींचे डोळे मिटलेले आहेत. येथे तर काढलेले छायाचित्र पाठीमागच्या पडद्यावर तत्क्षणी दिसे. माझ्या ओळखीच्या कोणाकडेही असे यंत्र नव्हते. त्याचा मला किती गर्व झाला असेल, हे सांगावयास नको.

वस्तुतः हे तंत्र तेव्हाही अगदी नवे नव्हते. कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ सालीच पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला होता. त्यातून उमटणारी प्रतिमा कृष्णधवल, शंभर बाय शंभर ठिपक्यांची. आणि ती कॅसेटच्या फितीवर उतरावयास तेवीस सेकंद लागत. माझ्या माव्हिकाची मजल सहाशेचाळीस बाय चारशेऐंशी ठिपक्यांपर्यंत होती, म्हणजे सुमारे तीन लाख ठिपके. हा आकडा कृपया लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

आमच्या घरात या कॅमेऱ्याचे स्वागत निराळ्याच कारणाने झाले. रोलवर चांदीच्या क्षारांचा जो थर असतो, तो जिलेटिनमध्ये बसविलेला असतो आणि जिलेटिन जनावरांच्या हाडां-कातड्यांपासून करतात, हे काकाजींनी कोठेतरी वाचले होते. तेव्हापासून धर्मकार्यात फोटो काढावयास त्यांचे मन घेत नसे. “याच्यात रोल नाही,” असे मी सांगताच ते प्रसन्न झाले. पुढे मला कळले की, स्टुडिओत ज्या कागदावर रंगीत फोटो उतरवतात त्यावरही जिलेटिनचाच थर असतो. ते मी काकाजींना सांगितले नाही. ही दुसरी कबुली!

आता मुख्य प्रसंग. माझी आजी, जिला आम्ही सारे ‘बाई’ म्हणत असू, तिने वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी वर्षीतप पूर्ण केले. १९९९ च्या अक्षय्य तृतीयेला पारणे होते. वडिलांनी नेहमीच्या फोटोग्राफरला सांगून ठेवले होते. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना परस्पर नकार कळविला. “घरचा कॅमेरा असताना पैसे कशाला घालवायचे?” एवढेच नव्हे, तर त्या काळातील समाजाच्या कार्यक्रमांची छायाचित्रेही मीच काढू लागलो.

बाईने जन्मभर फोटोसाठी चेहरा गंभीर केला. तिचा एकही हसरा फोटो घरात नव्हता. त्या दिवशी इक्षुरसाने पारणे झाल्यावर मी तिला पडद्यावर तिचेच छायाचित्र दाखविले. तिने चष्मा सावरला, निरखून पाहिले, आणि “अगं बाई, ही तर माझी आई दिसते!” असे म्हणून ती मनापासून हसली. मी तत्काळ बटण दाबले. यंत्र घर्रघरले.

त्या दिवसाच्या चार फ्लॉप्या झाल्या. छापून आणू, छापून आणू म्हणत राहिलो. एकदा दुकानातील प्रिंटरवर एक प्रत काढली. पाण्याचा थेंब पडून शाई फुटली. पुढे फ्लॉप्या एका बिस्किटाच्या डब्यात घातल्या आणि डबा माळ्यावर ठेवला. शेजारी जुन्या रेडिओचा स्पीकर होता. स्पीकरमध्ये लोहचुंबक असते आणि फ्लॉपीवरील नोंद चुंबकीय असते, हे दोन्ही मला ठाऊक होते. दोन्ही एकत्र मात्र सुचले नाही. २००४ मध्ये बाई गेली. मार्च २०११ मध्ये सोनी कंपनीने जपानमध्ये फ्लॉपी विकणेही थांबविले. तोपर्यंत घरातील नव्या संगणकाला फ्लॉपीची खाचही उरली नव्हती.

समितीचे काम आले तेव्हा डबा खाली काढला. एकूण एकेचाळीस फ्लॉप्या. कित्येकांवर बुरशी. नाशिकहून जुना फ्लॉपी ड्राइव्ह मिळविला आणि एकेक घालून पाहिली. एकेचाळीसांपैकी सहा वाचता आल्या. उरलेल्यांत कोणाची दीक्षा, कोणाचा सत्कार, आज हयात नसलेली किती माणसे होती, याची यादी मी करू शकेन. छायाचित्रे देऊ शकत नाही. त्या कुटुंबांची मी हात जोडून क्षमा मागतो.

जैसलमेरच्या ज्ञानभांडारातील ताडपत्रे आठ-नऊशे वर्षे टिकली, याचे आपण कौतुक करतो. ताडपत्राचा गुण त्यात आहेच. पण ज्ञानपंचमीला पोथ्या सोडायच्या, झटकायच्या, पुन्हा बांधायच्या, जीर्ण झाली तर नवी नक्कल करवायची, हा खटाटोप माणसांनीच केला. मी एकेचाळीस फ्लॉप्यांची नक्कल एका दुपारी करू शकलो असतो. वर्षानुवर्षे ती दुपार मला मिळाली नाही.

पारण्याच्या चार फ्लॉप्यांपैकी एक त्या सहांत निघाली. सतरा छायाचित्रे; चौदावे बाईचे, हसताना.

ते मी संपादकांकडे दिले. मोठे, पानभर छापावे, अशी इच्छा होती. त्यांनी संगणकावर पाहून सांगितले की, सुबक छपाईला इंचामागे तीनशे ठिपके लागतात. आपल्याकडे रुंदीला सहाशेचाळीस आहेत. दोन इंचांहून थोडे अधिक, त्यापुढे चेहरा फुटेल. मी म्हटले, दोन इंच तर दोन इंच, पण छापा.