रुग्णालयातून परतलेले बालक



१९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राची मान खाली गेली. आज तीव्र कुपोषित बालकांसाठी पोषण पुनर्वसन केंद्र आहे. तेथे सुमारे १४ दिवसांत बालक सावरू लागते. परंतु ते घरी आले की आपण निर्धास्त होतो. वस्तुतः केंद्र वजन वाढविते. ते टिकविणे हे घराचेच कर्तव्य होय.

लहानग्याचे पोट लहान असते. म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडेथोडे भरवावे. नागलीच्या पेजेत चमचाभर तेल घालावे. जोडीस डाळ, अंडे द्यावे. जुलाब झाले तरी अन्न तोडू नये, जलसंजीवनी पाजावी. दर १५ दिवसांनी, असे ४ वेळा, तपासणीस न्यावे.

दिवाळीनंतर मोखाड्याची कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, आणि नेमकी हीच तपासणी चुकते. जाणाऱ्यांनी केंद्राचे कागद बरोबर न्यावेत व तेथील अंगणवाडीत दाखवावेत. आपल्यांपैकी ज्यांच्याकडे मजूर येतात, त्यांस आमची विनंती आहे की, तपासणीच्या दिवशी मातेची मजुरी कापू नये. मजुरी बुडेल या धास्तीनेच ती माउली तपासणीस जात नाही, आणि मिळविलेले वजन पुन्हा उतरते.