वामेच्या पोटातली पांढरी रिबीन

आज कोडिंग नाही, आज मासा. नाही, एपिसोड चुकलेला नाही, मीच बोलतोय.

परवाच्या एका रविवारी आमच्या द्वारकेला रस्त्याकडेला बसणाऱ्या मावशींकडून वाम आणली. धरणाची, ताजी. आई साफ करायला बसली आणि आतड्यातून पांढरी, चपटी, रिबिनीसारखी अळी निघाली. मी काय केलं? फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: ‘मासे घेताना सावधान!’ संध्याकाळी तोच फोटो फिरून माझ्याकडे परत आला, आता मावशींच्या जागेच्या पत्त्यासकट. पुढच्या रविवारी दुपारी एक वाजला तरी त्यांची पाटी भरलेलीच.

मग वाचायला बसलो. जे आधी करायचं होतं.

तो होता पट्टकृमी. वामेत सापडणाऱ्या अशा कृमींची ‘सेंगा’ नावाची प्रजातीच आहे, डॉल्फस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३४ साली नोंदवलेली. शिंदे आणि जाधव यांनी १९८० मध्ये वर्णन केलेल्या एका जातीचं नाव तर ‘सेंगा गोदावरीई’. आपल्या गोदावरीचं नाव, आणि मिळालं कोणाला बघा!

याचा प्रवास भारी आहे. माशाच्या विष्ठेतून अंडी पाण्यात जातात. त्यातून निघालेली इवलीशी अळी सायक्लॉप्ससारखा जीव खातो. (शाळेत नारूच्या धड्यात होता ना, तोच.) त्याला मासा खातो, की झालं, कृमी आतड्यात मुक्कामाला. धरणाच्या साचलेल्या पाण्यात असे सूक्ष्म जीव भरपूर, म्हणजे कृमीला वाहनांची कमी नाही.

आपल्याला धोका? हा कृमी राहतो आतड्यात, आणि आतडं आपण फेकतो. माणूस त्याचं घरच नाही. पण म्हणून नदीचा मासा कच्चा-पक्का खाऊ नका. मरळीसारख्या माशांच्या मांसात दुसऱ्या कृमींच्या अळ्या असू शकतात आणि त्या माणसाला त्रास देतात. तुकडा आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअस तापला की त्या मरतात. आपल्या रश्श्यात तेवढं होतंच. आणि कच्चं आतडं मांजराला टाकू नका, प्लीज.

हे सगळं लिहून त्याच ग्रुपवर टाकलं. फोटोला साठ-सत्तर रिप्लाय होते, याला दोन. मग मावशींकडेच गेलो, खरं काय ते सांगितलं.

“अरे, ते तर नेहमीच निघतं,” त्या म्हणाल्या. “फोटो टाकायच्या आधी मला विचारायचं ना रे.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन वामा घेतल्या. आता त्या मला मासा साफ करून देतात, पण आधी आतडं उघडून दाखवतात. मुद्दाम.