आमच्या कॉम्प्युटरला निरोप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. तेव्हा काही चुकले तर सांभाळून घ्यावे. गेल्या महिन्यात आमच्या घरचा जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. त्याच्याविषयी चार शब्द सांगावेत असे मनात आले.

२००९ साली मला आपल्या मंडळाची भिशी लागली. तीत ह्यांनी भर घातली आणि १८,००० रुपयांना तो घेतला, अर्थात मुलांच्या अभ्यासासाठी. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिले. मी झालरीचे कव्हर शिवले. पुढे दोन वर्षे माझा त्याच्याशी संबंध धूळ पुसण्यापुरता. जरा हात लावला की मुले ओरडत, "आई, बिघडेल!"

मग मुले शाळेत गेली की दुपारी मी भीत भीत त्याच्यापुढे बसू लागले. आधी पत्त्यांचा डाव, मग मराठी अक्षरे. मराठीच्या कळांत मात्रा-वेलांट्या डाव्या हाताला आणि बरीचशी व्यंजने उजव्या हाताला. स्वतःचे नाव लिहायला मला पहिल्या दिवशी पाव तास लागला. पण पुढे मंडळाच्या पापड-कुरडयांचा हिशेब मी त्याच्यावरच ठेवला, हे आपण जाणताच.

२०१३ च्या दिवाळीत मुलीने माईक लावला आणि आजीला म्हणाली, "आजी, जात्यावरच्या ओव्या म्हण." पण जात्यावाचून सासूबाईंना ओवी सुचेना! शेवटी माळ्यावरचे जाते खाली काढले, मूठभर ज्वारी घातली, तेव्हा कुठे गळा मोकळा झाला. अशा पाच दुपारी पाच वेळा ओव्या भरून घेतल्या. २०१६ साली सासूबाई गेल्या. त्यांचा आवाज तेवढा त्या पेटीत राहिला. त्याची दुसरी प्रत करावी हे मात्र कुणालाच सुचले नाही.

गेल्या महिन्यात बटण दाबले तर पंखा फिरला, पण पडदा काळाच. दुरुस्तीवाल्या भाऊंनी पेटी उघडून दाखवली. मुख्य पट्टीवरच्या बारीक डब्यांसारख्या कपॅसिटरांची डोकी फुगली होती. "ताई, ही पट्टी आता मिळत नाही. पण आठवण ठेवणारी डिस्क निराळी असते, ती काढून बघतो," असे ते म्हणाले. दोन दिवस मला अन्न गोड लागले नाही.

तिसऱ्या दिवशी ती डिस्क पुतण्याच्या लॅपटॉपला जोडली. फोटो मिळाले, हिशेब मिळाला. मग जात्याची घरघर आली आणि पाठोपाठ सासूबाई! आम्ही सगळे जिथल्या तिथे उभे राहिलो. चार दुपारच्या ओव्या मिळाल्या. पाचव्या दुपारच्या काही केल्या उघडल्या नाहीत. त्या गेल्याच.

राहिलेली पेटी आणि जाड काचेचा पडदा भंगारात घालू नका, असे भाऊंनी बजावले. त्या काचेत शिसे असते, आणि तांब्यासाठी तारा जाळल्या की विषारी धूर होतो. म्हणून सारे सामान ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे पोचते केले. निघताना त्यावरून हात फिरवला. डोळ्यांत पाणी आले, ह्यात लाज कसली? मजसारख्या बाईला त्याने धीट केले होते.

भगिनींनो, आपल्याही घरी, मोबाईलमध्ये, असे काही ठेवले असेल. त्याची प्रत आजच दुसरीकडे करून ठेवा. ओव्या असतील तर वहीतही उतरवा.

आणि एक मागणे आहे. आपल्यापैकी कितीतरी जणी सासूबाईंबरोबर दळायला बसल्या आहेत. त्यांच्या ओव्या कुणाला आठवत असतील तर कोणत्याही दुपारी आमच्याकडे या. जाते मी माळ्यावर परत टाकलेले नाही. वहीही तयार आहे.