खिळ्यांचा टायर आणि कामाची वाट



बाहेर वैशाखाचे ऊन तापले आहे आणि आपल्याला बर्फ काय तो रसवंतीच्या पेल्यात दिसतो. अशा दिवसांत ‘बर्फाळ रस्त्यावरून सायकलीने कामावर जाणाऱ्याने टायर कोणता घ्यावा’ हा विषय आम्ही का निवडला, असे आपल्या मनात आले असेल. त्याला कारणे दोन. आपल्यापैकी कित्येकांची मुले, भाचे, पुतणे आज फिनलंड, स्वीडन, जर्मनी, कॅनडा अशा थंड देशांत आहेत. कोणी संगणकावर काम करतो, कोणी इस्पितळात, कोणी पाठीवर पेटी बांधून घरोघर जेवण पोहोचवतो. त्यांतले पुष्कळजण सायकल वापरतात. हे झाले पहिले कारण.

दुसरे कारण आमच्या कामातले आहे. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शाळा लवकर सुटली; जे वाचले ते पाळी संपल्यावर वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. त्या वाचनात एक प्रश्न आम्ही कधी सोडला नाही. कामगार घराचा उंबरठा ओलांडतो तेथपासून यंत्रापाशी उभा राहतो तेथपर्यंतची वाट कोणाच्या जबाबदारीची? थंड देशांत या प्रश्नाचा माग काढत गेले की माणूस टायरच्या खिळ्यापाशी येऊन पोहोचतो. म्हणून आजचा विषय.

प्रथम बर्फाची ओळख करून घेऊ. आपण एकच शब्द वापरतो, पण रस्त्यावर त्याचे तीन प्रकार असतात. पहिले, ताजे पडलेले भुसभुशीत हिम. दुसरे, चाकांनी आणि पावलांनी दाबून घट्ट झालेले हिम. तिसरा, पाणी गोठून झालेला खरा बर्फ. हा तिसरा सर्वांत घातकी. तो काचेसारखा पारदर्शक असला की खालचा डांबरी रस्ता जसाच्या तसा दिसतो, आणि सायकलस्वाराला वाटते की रस्ता नुसता ओला आहे.

आता एक गोष्ट ऐकून आपल्याला नवल वाटेल. थंडी जितकी जास्त तितके घसरणे जास्त, असे नाही. शून्याच्या आसपास बर्फाच्या पृष्ठावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच वंगणासारखे काम करतो. पारा शून्याखाली वीस अंशांवर गेला की बर्फ कोरडा आणि कठीण होतो व त्यावर रबराची पकड उलट वाढते. यास्तव खरा धोका ऐन हिवाळ्यापेक्षा त्याच्या दोन्ही टोकांना असतो. दुपारी हिम वितळते, रात्री ते पाणी गोठते, आणि सकाळच्या पाळीला निघालेल्या माणसाच्या चाकाखाली येते. आदल्या दिवशीच्या चिखलात उमटलेल्या चाकोऱ्याही दगडासारख्या घट्ट होतात. चाक त्या चाकोरीत शिरले की बाहेर काढताना आडवे घसरते.

चारचाकी घसरली तर ती निदान उभी राहते. सायकलीचे तसे नाही. सायकल सरळ चालते ती आपण हँडल क्षणोक्षणी किंचित इकडे-तिकडे वळवून तोल सावरतो म्हणून. पुढचे चाक घसरले की सावरण्याचे साधनच हातातून जाते. मागचे चाक घसरले तर पुष्कळदा पाय टेकवून वेळ निभावते. म्हणून पैसे एकाच खिळ्याच्या टायरपुरते असतील तर तो पुढे बसवावा. पुष्कळांना वाटते की जोर मागच्या चाकाला लागतो म्हणून चांगला टायर मागे हवा. चढ चढण्यापुरते ते बरोबर असेल. हाड वाचवण्यासाठी मात्र पुढचे चाक आधी.

आता खिळ्याकडे वळू. हा खिळा सुताराचा नव्हे. टायरच्या रबरात बाहेरून बसवलेली छोटी धातूची गुंडी असते आणि तिच्या मधोमध टंगस्टन कार्बाईडचे टोक. आमच्या लेथवर काम करणाऱ्या बांधवांना हे नाव सांगायला नको. पोलाद कापायला जी कार्बाईडची टिप आपण हत्याराला लावतो, तीच जात ही. बर्फ नसलेल्या डांबरावर साध्या पोलादाचे टोक लवकर झिजून गुळगुळीत होते. कार्बाईडचे कित्येक हिवाळे टिकते. शहरात कामावर जाणाऱ्याला निम्मी वाट उघड्या डांबराची लागते. त्याने टायर घेताना पहिला प्रश्न हा विचारावा, की टोक कशाचे आहे?

दुसरा प्रश्न, खिळे किती आणि कोठे? फिनलंडमध्ये नोकियन या नावाने विकल्या गेलेल्या सायकल टायरांच्या नावातच हा आकडा होता. एकाला १०६ खिळे, दुसऱ्याला २४०. शंभराच्या आसपास खिळे असतात तेव्हा ते बहुधा दोन रांगांत असतात. साफ केलेल्या वाटेवर मधूनच बर्फाचा पट्टा लागतो, अशा ठिकाणी ते पुरतात आणि चालवायलाही हलके जातात. दोनशे-अडीचशे खिळे असले की ते चार रांगांत येतात. दोन मध्याजवळ, दोन कडांकडे. कडेच्या रांगा कशासाठी? वळणावर सायकल कलते त्यासाठी, आणि गोठलेल्या चाकोरीची भिंत चढून बाहेर येण्यासाठी. ज्याच्या वाटेवर चाकोऱ्या आहेत त्याने दोन रांगांवर काटकसर करू नये. आणि ज्याच्या वाटेवर वीतभर भुसभुशीत हिम आहे त्याने खिळ्यांवर भिस्त ठेवू नये. तेथे खिळ्याला टोचायला काही सापडत नाही. तेथे उपयोगी पडते ती टायरची खोल नक्षी.

तिसरा प्रश्न हवेचा. चार रांगांच्या टायरात हवा घट्ट भरली तर मधला भाग जमिनीला टेकतो आणि कडेचे खिळे थोडे वर राहतात. रस्ता कोरडा असेल तेव्हा हे सोयीचे. बर्फ लागला की हवा कमी करावी, म्हणजे टायर पसरतो आणि कडेचे खिळेही कामाला लागतात. मात्र टायरच्या बाजूवर जो कमीत कमी दाब छापलेला असतो त्याच्या खाली जाऊ नये. आणखी एक पथ्य आहे. नवा टायर बसवल्यावर पहिले चाळीसेक किलोमीटर डांबरावर शांतपणे चालवावा, झटक्याने ब्रेक लावू नये, जोराने पेडल मारू नये. त्यामुळे खिळे रबरात नीट बसतात. जो हे करत नाही त्याचे खिळे पहिल्याच महिन्यात उडतात, आणि तो बिचारा दुकानदाराला दोष देतो.

चौथा प्रश्न मापाचा. येथे आपल्याकडचा माणूस हटकून फसतो. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचा टायर अठ्ठावीस इंची, आणि युरोपातल्या सायकलीलाही अठ्ठावीस इंचीच म्हणतात. पण ही दोन मापे एक नव्हेत. आपल्या रोडस्टर सायकलीच्या रिमवर टायर बसतो तो व्यास ६३५ मिलिमीटर. तिकडच्या नेहमीच्या सायकलीचा ६२२. इंचांवर विश्वास न ठेवता टायरच्या बाजूवर छापलेली जोडी वाचावी. ३७-६२२ असे लिहिले असेल तर रुंदी ३७ मिलिमीटर आणि व्यास ६२२. शिवाय खिळे वर आलेले असतात, म्हणून चिमटा आणि मडगार्ड यांच्यामध्ये जागा मोकळी आहे ना, ते पाहावे. जागा अरुंद असेल तर खिळे मडगार्ड खातात आणि त्यात हिम अडकून चाक जाम होते.

या टायरांचे दोषही सांगितले पाहिजेत. ते जड असतात. डांबरावर फुटाणे भाजल्यासारखा आवाज करतात. पेडलला जोर जास्त लागतो. कोरड्या रस्त्यावर वेगाने वळताना ते साध्या टायरापेक्षा बरे नसतात, कारण तेथे रबराच्या जागी धातू टेकतो. आणि खिळा लावला म्हणून बर्फाचे डांबर होत नाही. वेग कमी, वळण मोठे, ब्रेक हलका, हे तिन्ही नियम खिळ्यांसहही पाळायचे असतात.

या वस्तूचे माहेर म्हणावे असा देश फिनलंड. तेथे नोकिया नावाचे गाव आहे. आपल्याला हे नाव फोनमुळे ठाऊक; पण त्या घराण्यात आधी रबर होते, फोन फार नंतर आला. १८९८ साली स्थापन झालेला रबराचा कारखाना पुढे या गावी आला. १९३४ साली त्याने बर्फासाठी खास ट्रकचा टायर काढला आणि १९३६ साली मोटारीचा, ‘हाक्कापेलीट्टा’ या नावाचा. तीस वर्षांच्या युद्धातल्या फिनी घोडेस्वारांचे ते नाव. घोड्याच्या नालाची आठवण टायरला यावी, हे साजेसेच झाले.

त्याच देशात, पासष्टाव्या अक्षांशाजवळ, ऊलू नावाचे दोन लाखांवर वस्तीचे शहर आहे. तेथे नऊशे किलोमीटरहून लांब सायकलवाटांचे जाळे आहे. ऐन थंडीत शाळेतली पोरे आणि कामावरची माणसे सायकलीवर दिसतात. हिवाळी सायकलप्रवासाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली भरली ती याच शहरी. तेथे पुष्कळजण बिनखिळ्यांच्या टायरावरही निर्धास्त जातात. ती माणसे फार धीट आहेत असे समजू नका. मुख्य सायकलवाटांवरचे हिम माणसे कामाला निघण्यापूर्वी हटवले जाते, खाली राहिलेला थर सपाट दाबला जातो आणि त्यावर खडी टाकली जाते. दाबलेले थंड हिम साध्या टायरालाही धरून ठेवते. म्हणजे रस्ता जितका चांगला राखला, तितका टायर कमी खर्चाचा. नगरपालिकेने आपले काम सोडले की तो खर्च सायकलस्वाराच्या खिशात येऊन पडतो.

स्वीडनमधल्या कार्लस्कूगा या नगरपालिकेने याच्याही पुढचा विचार केला. हिम हटवताना नेहमी मोटारीचे मोठे रस्ते आधी आणि पायवाटा शेवटी, असा क्रम असे. तो त्यांनी उलटा केला. पायी चालणारी, बसने जाणारी, सायकल वापरणारी माणसे आधी, आणि त्यांत स्त्रिया जास्त, हे त्यांच्या ध्यानात आले. नांगर तोच, माणसे तीच. कोणाची वाट आधी मोकळी करायची, एवढाच निर्णय बदलला. नगरपालिकेचे अंदाजपत्रक वाचता येते त्याला नगरपालिकेचे मन वाचता येते, असे आम्ही आमच्या कार्यकर्त्यांना नेहमी सांगतो ते याचसाठी.

आता आमचा मूळ प्रश्न. या टायराचे पैसे कोणी द्यायचे? फिनलंडमध्ये मोटारीला हिवाळी टायर कायद्याने लागतात; सायकलीला लागत नाहीत. कायदा गप्प असतो तेथे खर्च गरिबावर जातो. कचेरीत जाणाऱ्याने स्वतः टायर घेतला तर एक वेळ ठीक आहे. पण जो दिवसभर सायकलीवरच राबतो, घरोघर जेवण पोहोचवतो, त्याच्या बाबतीत सायकल हे धंद्याचे हत्यार आहे. कारखान्यात हातमोजे, बूट आणि गॉगल मालकाने द्यायचे, हे आपण लढून मिळवले. तेव्हाही मालक म्हणत, ‘बूट तर प्रत्येकजण घालतोच, आम्ही का द्यावे?’ आता म्हणतात, ‘हा आमचा नोकर नाही, स्वतंत्र धंदेवाला आहे.’ २०२५ च्या मे महिन्यात फिनलंडच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने अशाच एका मोठ्या कंपनीच्या पोहोचवणाऱ्यांविषयी निकाल दिला, की त्यांचे कंपनीशी नाते नोकरीचेच आहे. नाते नोकरीचे ठरले की हत्याराचा आणि अपघाताचा प्रश्न आपोआप टेबलावर येतो.

वाटेवरच्या अपघाताविषयीही तेच. फिनलंडच्या अपघातविम्यात घर आणि काम यांमधला प्रवास धरला जातो. आपल्याकडे २०१० साली कर्मचारी राज्य विमा कायद्यात दुरुस्ती झाली आणि घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघात, वेळ, स्थळ व परिस्थिती यांचा कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, कामावरचा अपघात मानावा असे ठरले. ही गोष्ट आपल्यापैकी किती कामगारांना ठाऊक आहे? ठाऊक नसलेला हक्क पेटीत कुलूप लावून ठेवलेल्या दागिन्यासारखा. चोरीला जात नाही, पण अंगावरही येत नाही.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? हिवाळ्यापुरते बसने जावे. ज्याच्या दाराशी बस आहे त्याने अवश्य जावे. पण पहाटेच्या पाळीला बस नसते, इस्पितळाची रात्रपाळी बसच्या वेळापत्रकाने सुटत नाही, आणि ज्याची कमाई फेऱ्यांवर आहे त्याला घरी बसण्याची चैन परवडत नाही. त्याला आपण एवढेच सांगू शकतो. टोक कार्बाईडचे घे. चाकोऱ्या असतील तर चार रांगा घे. पैसे एकाचेच असतील तर पुढे बसव. इंच सोडून मिलिमीटर वाच. पहिले चाळीस किलोमीटर सबुरीने जा.

आणि जे मायबाप आज येथे बसले आहेत त्यांनी परदेशातल्या मुलाला फोनवर ‘स्वेटर घातलास का’ हे जरूर विचारावे, पण त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत. ‘पुढच्या चाकाला टायर कोणता आहे?’ हा एक. आणि ‘तेथल्या युनियनमध्ये नाव घातलेस का?’ हा दुसरा. पहिला प्रश्न त्याला या हिवाळ्यात सांभाळील. दुसरा पुढच्या हिवाळ्यांत, त्याला आणि त्याच्याबरोबरच्या सगळ्यांनाच.