गरिबांचा दवाखाना आणि सरकारी अनुदान

सरकारी अनुदान हा विषय रुक्ष खरा. अंदाजपत्रकातील एक रकाना, त्यापुढे एक आकडा आणि खाली कोणा अधिकाऱ्याची सही, एवढेच त्याचे रूप सामान्यतः आपल्या नजरेस पडते. परंतु तो पैसा कोणाच्या हाती जातो, कोणत्या अटींवर जातो आणि कशावर खर्च करण्याची मुभा असते, हे विचारू लागले म्हणजे त्या आकड्याआड माणसांची हकीकत दिसू लागते. आज आपणापुढे ठेवावयाची हकीकत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आहे. धनाढ्य म्हणून गाजलेल्या त्या देशात डॉक्टरावाचून दिवस काढणाऱ्या वस्त्या असाव्यात, ही गोष्टच पुष्कळांस नवी वाटेल.

मिसिसिपी राज्याच्या वायव्य भागात नदीच्या गाळाने बनलेला एक सपाट व अत्यंत कसदार प्रदेश आहे. त्यास तेथे डेल्टा म्हणतात. हा कापसाचा मुलूख. (१८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस अडून राहिला, तेव्हाच आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसास विलायतेत एकाएकी भाव आला, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊक असेलच.) गुलामगिरी गेली तरी कापूस राहिला, आणि काळी कुटुंबे मळेवाल्यांच्या जमिनी वाट्याने कसत त्यांच्याच फळ्यांच्या खोपटांत राहू लागली. याच प्रदेशात माउंड बायू नावाचे गाव आहे. जन्माने गुलाम असलेल्या आयझाया मॉन्टगोमेरी व बेंजामिन ग्रीन या दोघा आप्तांनी ते १८८७ साली केवळ काळ्या लोकांसाठी वसविले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कापूस वेचणारी यंत्रे व तण मारणारी औषधे आली. ज्या हातांनी वेचणी आणि खुरपणी होत असे ते हात निरुपयोगी ठरले. मजुरी गेली, पण माणसे जाणार कोठे? कित्येक घरी पिण्यास चरातले पाणी. शौचकूप नाहीत, खिडक्यांना जाळ्या नाहीत. आणि तान्ही मुले हगवणीने व उपासमारीने दगावत.

१९६४ साली अध्यक्ष जॉन्सन यांच्या कारकीर्दीत दारिद्र्यनिवारणाचा कायदा झाला आणि त्याच्या अंमलासाठी मध्यवर्ती सरकारने एक निराळे कार्यालय उघडले. बोस्टन येथील टफ्ट्स विद्यापीठातील दोन डॉक्टर, जॅक गायगर आणि काउंट गिब्सन, या कार्यालयाकडे गेले. (काउंट हे गिब्सनसाहेबांचे नावच, सरदारकी नव्हे.) गायगर यांच्या सांगण्याप्रमाणे, त्यांनी केवळ पाहणीपुरते तीस हजार डॉलर मागितले होते, कार्यालयाने उलट, तीन लाख घ्या, पण दवाखाना यंदाच उभा करा, असे सुचविले. मागितल्यापेक्षा अधिक देणारे सरकारी कार्यालय विरळाच! डिसेंबर १९६५ मध्ये बोस्टन शहरातील कोलंबिया पॉइंट या गरीब वस्तीत पहिले केंद्र उघडले. माउंड बायू येथील केंद्राचे काम १९६७ साली सुरू झाले.

मूळ कल्पना मात्र अमेरिकेत उपजलेली नव्हती. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात, फोलेला येथे, सिडनी व एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने १९४० साली झुलू लोकांमध्ये सरकारी पैशावर एक आरोग्यकेंद्र स्थापिले होते. परसातील भाजीपाला आणि शौचकूप यांची गणना ते उपचारातच करीत. विद्यार्थिदशेत असताना गायगर १९५७ साली तेथे काही महिने राहून आले. पुढे वर्णद्वेषी राजवटीने फोलेलाचा पाठिंबा काढून घेतला. जन्मभूमीत खुडली गेलेली ही वेल समुद्रापार मिसिसिपीच्या मातीत लागली.

लागली ती सुखासुखी नव्हे. या योजनेतील कोणतेही अनुदान नाकारण्याचा अधिकार त्या त्या राज्याच्या गव्हर्नरास होता, आणि काळ्यांना दवाखाना मिळावा असे त्या काळच्या मिसिसिपीच्या सत्ताधाऱ्यांस मुळीच वाटत नव्हते. परंतु कायद्यात एक लहानसा अपवाद होता: अनुदान विद्यापीठास दिलेले असेल तर गव्हर्नरास ते अडविता येत नसे. म्हणूनच मिसिसिपीतील दवाखान्याचा पैसा सुमारे दोन हजार किलोमीटर दूर असलेल्या बोस्टनच्या विद्यापीठाच्या नावे मंजूर झाला. त्या काळी समतेवर मोठमोठी भाषणे झाली, तीही आवश्यकच होती. तथापि माउंड बायूच्या दवाखान्याचे दार उघडले ते या एका कलमाने.

दवाखाना उघडला आणि मुले येऊ लागली. त्यांना तपासता असे आढळले की, पुष्कळांच्या दुखण्याच्या बुडाशी भूक होती. मुलाची हगवण थांबवून त्यास घरी धाडावे, तर घरी खावयास काय? तेव्हा डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवरच अन्न लिहावयास आरंभ केला: इतके दूध, इतके मांस, इतक्या भाज्या, इतकी फळे. तेथील काळ्या वाण्यांशी त्यांनी ठरवून टाकले की, चिठ्ठी आणील त्यास माल द्यावा आणि बिल दवाखान्याच्या औषधखात्याकडे पाठवावे. ही वार्ता वरपर्यंत गेली. मग अधिकारी आले आणि त्यांनी आक्षेप घेतला की, औषधखात्याचा पैसा औषधासाठी आहे. गायगर यांचे उत्तर पुढे सर्वतोमुखी झाले. ते म्हणाले की, वैद्यकाच्या ग्रंथात तरी कुपोषणावरचा नेमका उपाय म्हणून अन्नच सांगितलेले आपण पाहिले आहे. यावर अधिकाऱ्यांस बोलण्यासारखे काही उरले नाही.

पण वाण्याकडील दूध किती दिवस पुरणार? केंद्रातील जॉन हॅच हे स्वतः डॉक्टर नव्हते. लोकांस एकत्र आणणे हे त्यांचे काम. गावोगाव सभा भरवून त्यांनी लोकांसच विचारावयास सुरुवात केली. त्यातून विहिरी खोदल्या गेल्या, शौचकूप झाले, खिडक्यांना जाळ्या लागल्या, आणि १९६८ साली एक सहकारी शेतीसंस्था निघाली. सुमारे हजार कुटुंबे तीत सामील झाली. जी माणसे आजवर मालकाचा कापूस वेचीत होती ती आता त्याच मातीत आपल्यासाठी वाल, वाटाणे आणि पालेभाजी पिकवू लागली. जमीन जगात सर्वोत्कृष्ट म्हणावी अशी, आणि तिच्यावर राबणारे उपाशी, ही विसंगती त्यांच्या इतकी कोणास कळणार!

माझ्या मते अनुदानाचे खरे मर्म येथे आहे. दर रोग्यामागे अमुक डॉलर अशा हिशेबाने पैसा मिळाला असता तर विहीर कोणत्या रोग्याच्या नावे मांडावयाची? विम्याचा पैसा आजार झाल्यावर येतो. अनुदान आधी येते, आणि एका वस्तीसाठी येते. म्हणून त्यातून विहीर खणता येते.

प्रयोग पुढे कायद्यात बसविला गेला. १९७५ सालापासून सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यातील कलम ३३० खाली ही अनुदाने दिली जातात. उपेक्षित वस्ती कोणती हे ठरविण्यासाठी चार गोष्टी पाहतात: लोकसंख्येच्या मानाने डॉक्टर किती, बालमृत्यूचे प्रमाण किती, दारिद्र्यात किती लोक आहेत, आणि पासष्टीपुढील वृद्ध किती. शंभरापैकी ६२ किंवा त्याहून कमी गुण पडले तर ती वस्ती पात्र. (कमी गुणांवर उत्तीर्ण होण्याची ही परीक्षा!) पैसे नाहीत म्हणून कोणासही परत धाडता येत नाही, फी उत्पन्नाच्या मानाने उतरत्या क्रमाने आकारतात. आणि सर्वांत विलक्षण अट अशी की, संचालक मंडळात निम्म्याहून अधिक सभासद त्याच केंद्रात उपचार घेणारे असले पाहिजेत.

आपल्याकडील प्राथमिक आरोग्यकेंद्राची कल्पना १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने मांडली. ते केंद्र सरकारचेच, तेथील डॉक्टर सरकारचाच नोकर. अमेरिकेत केंद्र बहुधा स्वतंत्र संस्थेचे असते आणि सरकार त्यास पैसा देते. कोणी म्हणेल, रोग्यास वैद्यकातले काय कळते? शस्त्रक्रियेतले न कळो. पण दवाखाना मजुरी सुटल्यावर उघडा हवा, मोटार कोणत्या नाक्यावर थांबावी, खिडकीशी बसलेला कारकून कसा बोलतो, हे त्यालाच कळते, आणि रोगी परत येतो की न येतो हे पुष्कळदा यावरच ठरते. मात्र नियम लिहिल्याने मंडळ जिवंत होते असे नव्हे. हॅच यांच्यासारखा माणूस नसेल तेथे सभा नुसती माना डोलावण्यापुरती भरण्याचा धोका आहेच.

आज अशा सुमारे १४०० संस्था असून त्यांच्याकडे वर्षाकाठी तीन कोटींहून अधिक लोक उपचारास जातात. त्यांच्या एकूण उत्पन्नात या अनुदानाचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी. बाकीचा बराचसा पैसा गरिबांच्या सरकारी विम्यातून येतो. पण ज्याच्यापाशी विमा नाही त्याचा भार या लहान वाट्यावर पडतो. आणि हा वाटा मुदतीचा असतो. २०१० च्या कायद्याने त्यासाठी एक खास निधी निर्माण केला. त्याची मुदत ३० सप्टेंबर २०१७ रोजी संपली आणि फेब्रुवारी २०१८ पर्यंत प्रतिनिधिगृहांनी ती दीर्घकाळासाठी वाढविली नाही. मधल्या चार महिन्यांत कित्येक केंद्रांनी नव्या नेमणुका थांबविल्या. आडगावी येऊ पाहणाऱ्या तरुण डॉक्टरास पुढील वर्षीच्या पगाराची खात्री कोणी द्यावी? केंद्र बंद पडले नाही म्हणजे नुकसान झाले नाही असे समजणाऱ्यांनी या प्रश्नाचा विचार करावा.

गायगर २०२० च्या डिसेंबरात वारले. माउंड बायूचे केंद्र चालू आहे. २०१८ च्या अमेरिकन शेतीकायद्यात फळे व भाज्या चिठ्ठीवर लिहून देण्याच्या योजनांसाठी मध्यवर्ती सरकारने स्वतःच पैशाची तरतूद केली. औषधखात्यातून दूध दिले म्हणून ज्या सरकारचे अधिकारी एकेकाळी जाब विचारीत आले, त्याच सरकारची ही योजना. तिच्यासाठी मात्र आता निराळा अर्ज करावा लागतो.