सुनावणीच्या टेबलापलीकडे

(ठाण्यात कामगार स्त्रियांच्या शिबिरात केलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव कागदावर अवजड दिसते – 'ईएसआयमधील दावे व अपिले'. म्हणून मी एका बाईपासून सुरुवात करते. ती राहते डोंबिवलीला आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॅकिंगचे काम करते. एक दिवस घरातून निघाली, मुलाला पाळणाघरात सोडले, धावतपळत स्टेशन गाठले आणि गर्दीत लोकलमध्ये चढताना पडली. पायाचे हाड मोडले.

दाव्याच्या चौकशीत साहेबांनी विचारले, "पाळणाघराकडे कशाला गेलात? तो काही कामाचा रस्ता नव्हे." तिने मान खाली घातली. कागदावर शेरा पडला, 'अर्जदाराला अधिक काही सांगायचे नाही.' तिचे गप्प बसणे म्हणजेच तिची कबुली ठरली!

या एका शेऱ्याची किंमत काय, ते बघा. इजा कामाशी संबंधित ठरली, तर बरे होईपर्यंत सरासरी रोजाच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते. ती साधे आजारपण ठरली, तर 70 टक्के आणि तेही वर्षातून 91 दिवसच. 400 रुपये रोज असेल, तर दिवसाला 360 आणि 280 असा हा फरक. शिवाय पाय कायमचा अधू झाला, तर आयुष्यभराच्या भत्त्याचा प्रश्न त्याच शेऱ्यावर अडतो.

कायदा काय म्हणतो? 1948 च्या राज्य विमा कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात कामावरचाच धरावा, मात्र वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसला पाहिजे, असे त्यात आले. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. म्हणजे कल्याण, डोंबिवली, मुंब्रा, कळवा या मार्गावर रोज लोंबकळणाऱ्या आपल्यासाठीच जणू ती लिहिली आहे. पण 'संबंध दिसला पाहिजे' हे शब्द कायद्यात असले, तरी तो संबंध बघणारे डोळे टेबलापलीकडे बसलेल्या माणसाचे असतात.

पुरुष घरातून निघतो तो थेट स्टेशनवर जातो. बाईचा कामाचा रस्ता पाळणाघरावरून, शाळेवरून जातो. मूल कुठेतरी सोपवल्याशिवाय ती कामावर पोहोचूच शकत नाही. मग पाळणाघर हा तिच्या कामाच्या रस्त्यातला थांबा नाही तर काय? हे सुनावणी घेणाऱ्याला आपण सांगितले नाही, तर त्याला ते सुचेलच असे नाही.

अशी माणसे आपल्याला तीन ठिकाणी भेटतात. पहिली, ईएसआयच्या कार्यालयात. अपघात कामाशी संबंधित आहे की नाही, ते तिथे ठरते. दुसरी, वैद्यकीय मंडळात. मिळकतीची क्षमता किती टक्के घटली, ते डॉक्टर ठरवतात. काही इजांचे टक्के कायद्याच्या परिशिष्टातच बांधलेले आहेत. अंगठा गेला तर 30 टक्के. त्याच अंगठ्याने ती भाकरी थापायची, धुणे पिळायचे, याचा हिशेब मात्र कुठल्याच रकान्यात नाही. मंडळाचा निर्णय पटला नाही, तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरण आहे. आणि तिसरे ठिकाण म्हणजे कर्मचारी विमा न्यायालय.

सुनावणी घेणारा कोणावर उपकार करत नाही. दोन्ही बाजू ऐकणे, विरुद्ध बाजूचा कागद आपल्याला दाखवणे आणि कारणे देऊन निर्णय लिहिणे हे त्याचे काम आहे. निर्णयाची कारणे देणे हा न्यायाचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली एस. एन. मुखर्जी खटल्यात स्पष्ट केले. 'दावा नामंजूर' एवढ्या दोन शब्दांवर समाधान मानू नका.

ऐकणारा नीट ऐकतो तेव्हा काय होते, याचेही उदाहरण आहे. दिल्ली महापालिकेतल्या रोजंदारीवरच्या स्त्रियांना बाळंतपणाची रजा नाकारली जात होती. त्यांची बाजू युनियनने औद्योगिक न्यायाधिकरणापुढे मांडली आणि ते म्हणणे तिथे मान्य झाले. महापालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि हरली. निकालाची तारीख होती 8 मार्च 2000!

आता आपण काय करायचे? अपघात झाला की मालकाने अपघाताचा अहवाल पाठवला का, ते त्याच दिवशी विचारा. रेल्वेचा पास, हजेरीपत्रक, रेल्वे पोलिसांची नोंद, दवाखान्याचा पहिला कागद आणि पाळणाघरवाल्या बाईंचे चार ओळींचे पत्र, सगळे एका पिशवीत ठेवा. जबाब वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. सांगितलेले लिहिले नसेल, तर 'माझे म्हणणे अपुरे लिहिले आहे' असे सहीच्या वर लिहा. निर्णय हाती पडला ती तारीख पाकिटावर टिपून ठेवा, कारण अपिलाची मुदत तिथून मोजतात.

आणि एकटीने जाऊ नका. विमा न्यायालयात वकीलच लागतो असे नाही. नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारी लेखी अधिकारपत्र घेऊन बाजू मांडू शकतो, आणि न्यायालयाने परवानगी दिली तर दुसरी व्यक्तीही. ती दुसरी व्यक्ती आपल्या गटातली का असू नये?

त्या डोंबिवलीच्या बाईने पुन्हा अर्ज केला आहे. या वेळी तिने पाळणाघरापासून स्टेशनपर्यंतचा रस्ता स्वतःच्या हाताने कागदावर काढला. पुढच्या तारखेला आपल्यातल्या दोघी तिच्याबरोबर जाणार आहेत. बोलणार ती स्वतःच. आपण फक्त बाजूला बसायचे आहे, म्हणजे तिची मान खाली जाणार नाही.