यंत्राचा नंबर वहीत हवा

कोरीटहून तुमची बचत गट समन्वयक बोलते आहे.

आपल्या जनावरांच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर १२ आकडी नंबर. म्हैस विकली, नवीन घरी तिचं नाव बदललं, तरी नंबर तोच राहतो. विम्याच्या वेळी आधी तो बिल्लाच बघतात. गटाच्या मोबाईलला, लॅपटॉपला आणि हार्डडिस्कलाही कारखान्यातूनच असा नंबर मिळतो. पण आपल्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये काय लिहिलेलं असतं? ‘काळा लॅपटॉप, एक नग.’ काळे लॅपटॉप तर हजारो आहेत. उद्या चोरी झाली आणि सापडला, तर तो आपलाच हे कशावरून सांगणार?

आधी मोबाईल घ्या. फोन लावतो तिथे स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. १५ आकडी नंबर दिसेल, त्याला आयएमईआय म्हणतात. दोन सिमच्या फोनला दोन नंबर असतात, दोन्ही लिहा. सिम बदललं तरी हा नंबर बदलत नाही. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार द्या, त्याच क्रमांकाचं नवीन सिम घ्या आणि ‘संचार साथी’वर तक्रारीची प्रत जोडून फोन बंद करायची मागणी करा. मग चोराने कुठलंही सिम घातलं तरी तो फोन देशातल्या नेटवर्कवर चालत नाही. ही व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रात प्रायोगिक म्हणून सुरू झाली, मे २०२३ पासून देशभर आहे.

जुना फोन घेतानाही जपा. मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम, थोडी जागा सोडून तो १५ आकडी नंबर लिहून १४४२२ वर पाठवा. तो फोन बंद केलेला आहे का, ते आधीच कळतं. बंद केलेला असेल तर घेऊ नका.

लॅपटॉपचा सिरीयल नंबर खालच्या बाजूला किंवा खोक्यावर असतो. स्टिकर झिजतं, म्हणून आजच उतरवा. आतल्या हार्डडिस्कचा नंबर वेगळा असतो. डिस्क फॉरमॅट केली की आपण दिलेलं नाव आणि हिशोब जातो, कारखान्याचा नंबर राहतो. दुरुस्तीला देताना दुकानदाराकडून दोन्ही नंबर पावतीवर लिहून घ्या, परत आणताना जुळवून बघा. त्या डिस्कमध्ये आपल्या बायकांची बचत, कर्ज, हप्ते सगळं असतं. पेनड्राइव्हवर नंबर छापलेला नसेल तर रंगाने गटाची खूण करा.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. वस्तू, कंपनी, नंबर, बिलाची तारीख आणि वस्तू कोणाकडे आहे, अशा पाच रकान्यांत नोंद करा. खाली अध्यक्ष-सचिवांच्या सह्या घ्या. बिलाची झेरॉक्स वहीला जोडा, पण ती वही आणि लॅपटॉप एकाच पिशवीत ठेवू नका. आणि अनोळखी माणसाने फोनवर नंबर विचारला तर सांगू नका.